वासरांच्या खुराकात सरसकट अँटिबायोटिक द्यावं का?

नवा_गोठेकरी

नमस्कार मंडळी. वर्षभरापासून गोठ्याचं सगळं मीच बघतोय. गाईंचं जमतंय, वासरांचं जमत नाहीये. जन्मतात तेव्हा टुणटुणीत असतात. आठवडा उलटला की एकेकाला हगवण लागते. पिवळी, पाण्यासारखी, शेपूट आणि मागचे पाय बरबटलेले. डोळे खोल जातात, बाटली तोंडात धरली तरी चोखत नाहीत. काही दगावतात. जी उठतात ती पुढे कितीतरी दिवस अंगच धरत नाहीत, केस राठ आणि पोट तेवढं मोठं.

खाद्य पोचवणारा माणूस म्हणाला, क्लोरटेट्रासायक्लिन नावाच्या अँटिबायोटिकची पावडर मिळते. ती आधी मिल्क रिप्लेसरमध्ये (दुधाऐवजी पाजायच्या भुकटीत) आणि मग काफ स्टार्टरमध्ये (वासरांच्या पहिल्या खुराकात) मिसळून दूध तुटेपर्यंत सगळ्याच वासरांना द्या, हगवण थांबेल आणि वाढही जोरात होईल. दोघा-तिघांनी सांगितलं की असं देऊ नये. पण देऊ नये तर मग वासरं वाचवायची कशी, हे कोणीच सांगत नाही.

दुसरं असं, कासदाह झालेल्या गाईचं इंजेक्शनं चालू असतानाचं दूध विकता येत नाही, म्हणून आम्ही ते वासरांना पाजतो. त्यात काही वावगं आहे का?

माझी चार वर्षांची मुलगी दिवसभर वासरांतच असते, त्यामुळे जरा जास्तच काळजी वाटते.

धारकरी

आम्ही बरीच वर्षं दिलं. सुरुवातीला फरक पडतो, हे नाकारणार नाही. हगवण कमी होते, वासरं तुकतुकीत दिसतात. पुढे तेवढ्याच मात्रेला दाद मिळेनाशी होते, आणि वासरू खरोखर आजारी पडलं की डॉक्टरांचं इंजेक्शनही लवकर लागू पडत नाही. आता आमच्याकडे पूर्ण बंद आहे. मात्र नुसती पावडर थांबवून भागत नाही, बाकीची घडी आधी बसवावी लागते. ती कशी, ते इथले डॉक्टर जास्त नीट सांगतील.

वासरांची_डॉक्टर

दादा, आधी सरळ उत्तर देते. सरसकट सगळ्यांना खुराकातून देऊ नका. मग वाचवायची कशी, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पशुवैद्यक म्हणून माझा बहुतेक वेळ वासरांच्याच खोपट्यांत जातो.

खुराकातल्या औषधाची पहिली अडचण साधी आहे. वासरू आजारी पडलं की सगळ्यात आधी खाणं सोडतं. मग औषध जास्तीत जास्त कोणाच्या पोटात जाणार? जे धडधाकट आहे आणि बादलीवर तुटून पडतंय त्याच्या. ज्याला गरज आहे ते तोंडही लावणार नाही. त्यात भुकटी दुधाच्या तळाशी बसते, आणि हाताने खुराकात कालवली तर एका घमेल्यात जास्त पडते, दुसऱ्यात कमी. शिवाय टेट्रासायक्लिन दुधातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं, त्यामुळे दुधातून दिल्यावर आतड्यातून रक्तात कमीच पोचतं. जिवाणू मरणार नाहीत पण सरावतील, इतकं थोडं थोडं औषध रोज आठवडेच्या आठवडे द्यायचं, म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू आपणच पोसायचे.

दुसरी अडचण याहून मोठी. तुम्ही वर्णन केलेल्या हगवणीवर हे औषध बहुधा चालणारच नाही. हगवण लागली की मी आधी वासराचं वय विचारते. पहिल्या चार-पाच दिवसांत लागली तर ई. कोलायचा संशय घ्यायचा, तो जिवाणू आहे. पाचव्या दिवसापासून पुढे दोन-तीन आठवडे रोटाव्हायरस, गुरांचा कोरोनाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम या तिघांचा काळ. पहिले दोन विषाणू आणि तिसरा एकपेशीय परजीवी. तिघांनाही क्लोरटेट्रासायक्लिनचं काही वाटत नाही. तीन आठवड्यांनंतर शेणात रक्ताचे धागे दिसले आणि वासरू कुंथायला लागलं तर कोक्सिडिया, हाही आतड्यातला एकपेशीय परजीवी, त्याची औषधं वेगळी. रेडकू असेल तर जंतही डोक्यात ठेवायचे, कारण एक मोठा गोल जंत म्हशीच्या दुधातूनच पिलात येतो. साल्मोनेला हा जिवाणू मात्र कुठल्याही वयात येतो आणि तो झपाट्याने मारतो. तुमची वासरं आठवडा उलटल्यावर पडतात, म्हणजे मधल्या तिघांपैकी कोणीतरी असण्याची शक्यता जास्त. अंदाजावर राहू नका. हगवण लागल्याच्या पहिल्याच दिवशी, कुठलंही औषध देण्याआधी, दोन-तीन वासरांच्या शेणाचे नमुने स्वच्छ डब्यांत घेऊन, थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवा.

तिसरी गोष्ट कोठीपोटाची, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटाची. वासरू स्टार्टर चघळायला लागतं तेव्हा त्याच्या कोठीपोटात जिवाणूंची वस्ती होत असते. ते धान्य आंबवतात, त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लामुळेच कोठीपोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक अंकुर वाढतात. पुढे ती कालवड चाऱ्यावर किती चांगली जगेल हे त्या अंकुरांवर ठरतं. नेमकं तेव्हाच रोज अँटिबायोटिक घालणं मला पटत नाही. तोंडावाटे जास्त दिवस दिलेल्या काही अँटिबायोटिकनीच आतड्याचं अस्तर बिघडतं आणि हगवण लागते, हेही माहीत असू द्या.

वाढीचं म्हणाल तर तो माणूस अगदीच खोटं सांगत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ऑरिओमायसिन, म्हणजे हेच क्लोरटेट्रासायक्लिन, बनवताना उरलेला चोथा कोंबडीच्या पिलांना घातला तेव्हा ती जास्त वाढली आणि ही पद्धत जगभर गेली. पण गोठा जितका अस्वच्छ आणि दाटीचा, तितका हा फायदा जास्त दिसतो. स्वच्छ गोठ्यात तो फारसा उरत नाही. धोका ओळखायलाही उशीर झाला नव्हता. ब्रिटनमधल्या स्वान समितीने १९६९ सालीच सांगितलं होतं की माणसांच्या उपचारात लागणारी अँटिबायोटिकं वाढीसाठी खाद्यात घालू नयेत. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीचा वापर बंद केला, युरोपीय संघाने २००६ साली. अमेरिकेत २०१७ पासून माणसांसाठी महत्त्वाची अँटिबायोटिकं वाढीसाठी देता येत नाहीत आणि आजारासाठी खाद्यातून द्यायची तर पशुवैद्यकाचा लेखी आदेश लागतो. युरोपात २०२२ पासून निरोगी कळपाला निव्वळ खबरदारी म्हणून खाद्यातून देणंही बंद आहे.

तुमच्या मुलीबद्दल. १९७० च्या दशकात अमेरिकेत संशोधक स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शेतावर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य दिलं. आधी कोंबड्यांच्या विष्ठेत आणि काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जिवाणू वाढलेले आढळले. खाद्य कोंबड्यांनी खाल्लं होतं, माणसांनी नव्हे. म्हणून तुमची काळजी अनाठायी नाही. आणि आज, पावडर न घालताही, हगवण लागलेल्या वासरापासून मुलीला लांब ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला दोन्ही माणसांना होतात, लहान मुलांना लवकर. तिला निरोगी वासरांत खेळू द्या, पण बाहेर आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही जाता कामा नये. क्रिप्टोवर सॅनिटायझरचा भरवसा नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं.

कासदाहाच्या गाईचं औषध चालू असतानाचं दूध बंद करा. ते पाजणं म्हणजे मागच्या दाराने तीच पावडर घालणं आहे, तेही मात्रेचा पत्ता नसताना. असं दूध पिणाऱ्या वासरांच्या शेणात प्रतिकारक जिवाणू वाढतात हे बऱ्याच ठिकाणी तपासलं गेलंय. काही जण म्हणतात आम्ही पाश्चराइज करून देतो. त्याने दुधातले बरेचसे जिवाणू मरतात, औषध मात्र तसंच राहतं. दूध फेकवत नाही हे मी समजू शकते, तरी ते वासराला नको.

आता मुख्य. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, कारण गाईच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही आतडं उघडं असेपर्यंत. तासागणिक ते दार मिटत जातं आणि २४ तासांत बंद होतं. म्हणून पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहा टक्के चीक, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर. बारा तासांच्या आत आणखी साधारण २ लिटर. चीक पहिल्या धारेचा हवा, गाय व्याल्यावर जितक्या लवकर काढाल तितका दाट.

चीक डोळ्यांनी जोखू नका. ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर नावाची हातात मावणारी दुर्बिणीसारखी नळी मिळते. काचेवर चिकाचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा २२ किंवा वर असेल तर चीक चांगला. दाट पिवळाधमक दिसणारा चीक १७ भरलेला मी पाहिलाय आणि पातळसर दिसणारा २५. चांगला चीक जास्त निघाला तर गोठवून ठेवा. लागेल तेव्हा कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवा, उकळत्या पाण्यात नको, प्रतिपिंडं नासतात.

तुमच्याकडे चीक कोण, कधी आणि किती पाजतं ते लिहा. मग पुढचं बोलू.

नवा_गोठेकरी

डॉक्टर ताई, मनापासून आभार. खरं सांगायचं तर मोजून कोणी पाजत नाही. वासरू गाईलाच पितं. दिवसा व्याली तर आम्ही जवळ असतो, रात्री व्याली तर सकाळी धारेच्या वेळी बघतो. जुन्या गाईंच्या कासा खाली उतरल्यात, वासराला सड सापडायला वेळ लागतो हे खरंय.

आणखी दोन गोष्टी विचारतो. हगवण लागली की आम्ही दूध बंद करून नुसतं पाणी देतो, ते बरोबर आहे का? आणि आत्ता जे तयार स्टार्टर येतं त्याच्या पिशवीवर मोनेन्सिन लिहिलंय. म्हणजे आम्ही आधीपासूनच अँटिबायोटिक देतोय का?

पहाटपाळी

मी डॉक्टर नाही. मोठ्या गोठ्यात वासरांकडे मीच असते, पहाटेची पाळी माझी. चिकाचं ताईंनी सांगितलं, मी बाटल्यांचं सांगते, कारण नवी माणसं कामाला आली की सगळ्यात जास्त तिथेच चुकतात.

दूध पाजून झालं की बाटली आणि बूच आधी कोमट पाण्याने खळबळून घ्यायचं. एकदम कडकडीत पाणी ओतलं तर दुधातलं प्रथिन भाजून आतून चिकटतं. नखाने खरवडलं तर पांढरट, बुळबुळीत साय लागते, ती तीच. त्यानंतर गरम पाणी आणि साबणाची पावडर, ब्रशने घासून. मग स्वच्छ पाणी, आणि शेवटी उपडी टांगून कोरडी करायची. एकमेकांत घालून रचून ठेवलेल्या बादल्या वाळत नाहीत. बुचाची चीर फाटून मोठी झाली असेल तर ते टाकून द्या, दूध भसकन येतं आणि वासराला ठसका लागतो. चीक पाजायची नळी आजारी वासरांसाठी वेगळी ठेवा. ती कधीच अदलाबदल करायची नाही.

पाजायचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात लहान आधी, मग मोठी, आजारी सगळ्यात शेवटी. आजारी वासराला हात लावला की परत लहानांकडे जायचं नाही, जायचंच झालं तर बूट आणि हात धुऊन. अंथरूण कोरडं आहे का बघायचं असेल तर त्यावर गुडघे टेकून वीस-पंचवीस आकडे मोजा. उठल्यावर कपडे ओले लागले तर वासरूही ओल्यातच झोपलंय. आमच्याकडे या गोष्टींवर आठवडाभर डोळा ठेवला तरी फरक दिसतो. आणि एक, जन्मल्याबरोबर बेंबी टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. नुसतं वरून शिंपडलं तर नाळेच्या आत पोचत नाही.

वासरांची_डॉक्टर

पहाटपाळी ताईंनी लिहिलेलं शब्दन् शब्द पाळा. क्रिप्टोचे अंडुकोश साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांना मारतं ते कोरडेपण आणि कडक उष्णता, म्हणून वाळवणं इतकं महत्त्वाचं.

दादा, रात्री व्यालेल्या गाईचं वासरू सकाळपर्यंत राहिलं तर आतड्याचं दार निम्म्याहून जास्त मिटलेलं असू शकतं. तुमच्या हगवणीचं मूळ मला इथेच दिसतंय. गाईलाच पिऊ द्यायचं असेल तर द्या, पण पहिला चीक काढून, मोजून, बाटलीने पाजाच. खाली उतरलेल्या कासेच्या गाईंच्या बाबतीत तर दुसरा उपाय नाही. विणं जवळ आलेली गाय वेगळी, कोरड्या जागी बांधा आणि रात्री कोणीतरी एकदा उठून बघेल अशी पाळी लावा. गोठवलेला चीक हाताशी असला तर व्यालेल्या गाईची धार काढायलाही थांबावं लागत नाही.

चीक अंगी लागला का हेही तपासता येतं. एक ते सात दिवसांच्या वासराचं थोडं रक्त घेऊन त्याचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, त्याच रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवतात. ८.४ च्या वर असेल तर ठीक. तुमच्या डॉक्टरांना सांगून पुढच्या काही वासरांचं करून घ्या. एखाद्याचं कमी आलं तर ते वासरू डोळ्यासमोर ठेवा. बरीच वासरं कमी भरली तर तुमच्या चिकाच्या वेळा बदलायला हव्यात.

दूध बंद करणं चूक. हगवण लागलेलं वासरू पाण्याबरोबर क्षारही गमावतं आणि उपाशी राहिलं तर अंगातली ताकदच संपते. दूध नेहमीच्या वेळेला, नेहमीइतकंच चालू ठेवा, पिईल तेवढं पिऊ द्या. दोन दुधांच्या मधल्या वेळेत वासरांसाठीचं इलेक्ट्रोलाइट कोमट पाण्यात, साधारण २ लिटर, दिवसातून दोनदा. त्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही हवेत, कारण ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि सोडियममागे पाणी जातं. नुसतं पाणी आतड्यातून सरळ बाहेर पडतं. बायकार्बोनेट असलेलं इलेक्ट्रोलाइट दुधात मिसळू नका, पोटात दूध नीट साकळत नाही. पाण्याची बादली तर पहिल्या आठवड्यापासून निरोगी वासरासमोरही हवी.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. निरोगी वासराची लगेच बसते. उभीच राहिली, किंवा डोळा आणि खोबणी यांच्यात फट दिसली, तर पाणी बरंच कमी झालंय. वासरू उभं राहत नाही, बोट तोंडात घातलं तर चोखत नाही, तोंड आतून गार लागतंय, असं असेल तर तोंडाने पाजत बसू नका. त्याला शिरेतून सलाईन लागणार, डॉक्टरांना लगेच बोलवा.

अँटिबायोटिक कधी? मी औषधाच्या विरोधात अजिबात नाही. हगवणीबरोबर ताप १०३ च्या वर गेला, शेणात रक्त आलं, वासरू मलूल होऊन दूध सोडलं, बेंबी किंवा सांधे सुजले, तर जिवाणू रक्तात गेल्याची भीती असते आणि तिथे अँटिबायोटिक जीव वाचवतं. पण त्या एका वासराला, तपासून, वजनाप्रमाणे, ठरलेले सगळे दिवस. वहीत वासराचा नंबर, तारीख, ताप, औषध आणि मात्रा लिहा. पातळ हगवण आहे पण ताप नाही, वासरू उभं आहे, ओढून पितंय, अशाला अँटिबायोटिक लागत नाही. त्याला इलेक्ट्रोलाइट आणि कोरडी जागा पुरते. इतक्या वर्षांत अशी कितीतरी वासरं विनाऔषध उठलेली मी पाहिलीत.

मोनेन्सिनचं. तेही जिवाणूपासूनच मिळालेलं आहे, अमेरिकेत त्याची गणना अँटिबायोटिकमध्ये होते. पण ते माणसांच्या उपचारात वापरत नाहीत आणि स्टार्टरमध्ये ते मुख्यतः कोक्सिडिया आवरायला असतं. क्लोरटेट्रासायक्लिनच्या पंगतीत मी त्याला बसवणार नाही. पिशवीवरच्या मात्रेप्रमाणे चालू असेल तर घाईने बदलू नका. फक्त वरून आणखी मिसळू नका, जास्त झालं तर गुरांनाही विषबाधा होते. तुमच्याकडे घोडा असेल तर ते खाद्य त्याच्या तोंडी लागता कामा नये, अगदी थोड्यानेही घोडा दगावू शकतो. कुत्र्यालाही त्याचा त्रास होतो.

पावडर तुम्ही अजून सुरू केलेली नाही, हे फार बरं झालं. पुढच्या खेपेला ती घेऊ नका.

नवा_गोठेकरी

ताई, दोन गाई विण्यावर टेकल्यात. आज गोठ्याचा तो कोपरा झाडून नवीन पेंढा टाकलाय, रात्रीची पाळी मी आणि भावाने वाटून घेतलीय, रिफ्रॅक्टोमीटरही मागवतोय. पहाटपाळी ताई, बादल्या खरंच एकात एक रचून ठेवत होतो, आजपासून टांगल्यात. आणखी चार गाई तीनेक महिन्यांनी वितील. त्यांच्यासाठी आत्तापासून काही करता येईल का?

वासरांची_डॉक्टर

येईल, आणि त्यांच्या बाबतीत तुमच्या हातात वेळ आहे. रोटा, कोरोना आणि ई. कोलाय या तिघांविरुद्ध गाभण गाईला द्यायची लस असते. गाभणकाळाच्या शेवटच्या काही आठवड्यांत, लसीच्या पत्रकात दिलेल्या वेळेप्रमाणे ती टोचतात, म्हणजे प्रतिपिंडं चिकात उतरतात. वासराला ती चिकातूनच मिळतात, त्यामुळे चीक वेळेवर पाजला नाही तर लस वाया. क्रिप्टोवर तिचा उपयोग नाही, म्हणून आधी शेणाच्या तपासणीत काय निघतं ते बघा आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्या चारही गाई विण्याआधी किमान दोन महिने आटवा, म्हणजे त्यांची धार काढणं थांबवा, आणि आटवताना कासेत अँटिबायोटिकची ट्यूब भरली तर गाईचा नंबर आणि तारीख त्याच वहीत लिहून ठेवा. गाय लवकर व्याली तर चिकात औषध उरलेलं असू शकतं, तेव्हा तिचा चीक पाजायचा की गोठवलेला काढायचा, हे त्या तारखेवरून ठरवता येईल.